लिनीला दार

मर्विन हॅनाफर्डला फक्त एक दार हवं होतं. दोन बिजागऱ्या, एक कडी आणि वारा बाहेर राहील इतपत लाकूड. मागणी इतकी माफक होती की तिच्यात काही अडचण येईल असं त्याच्या मनातही आलं नाही, आणि तिथेच त्याचं चुकलं. मोठ्या मागण्यांची माणूस धास्ती घेतो, म्हणून त्यांची तयारी तरी करतो. दारासाठी कोण तयारी करतं?

दार हवं होतं ते बागेच्या टोकाला असलेल्या छपरीला. मागे आणि दोन्ही बाजूंना पेंढा कालवलेल्या तांबड्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर एका अंगाला उतरलेलं छप्पर, आणि पुढची बाजू सताड उघडी. घर विकत घेतल्यापासून तिथे गवत कापायचं यंत्र, मोडक्या खुर्च्या आणि सफरचंदांच्या रिकाम्या पेट्या सुखाने नांदत होत्या. घरात तिला शेड म्हणत. शेडची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

दाराची निकड निर्माण झाली बॅरोमीटरांमुळे. मर्विनचं एक्सेटरला चष्म्याचं दुकान होतं. ते विकून तो बिडकम गावात राहायला आला आणि हाताला चाळा म्हणून जुने बॅरोमीटर दुरुस्त करू लागला. बिडकममध्ये हवामानावर कुणाचाच विश्वास नाही, पण प्रत्येकाच्या घरात आजोबांचा बॅरोमीटर टांगलेला असतो आणि त्याच्या काचेवर टिचकी मारल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. पिढ्यानपिढ्या टिचक्या खाऊन बॅरोमीटर बिघडतात. त्यामुळे मर्विनला कामाचा तोटा नव्हता. तोटा होता जागेचा. जेवणाच्या टेबलावर बॅरोमीटर पोटं उघडी टाकून पडलेले असत आणि मर्विन व त्याची बायको ऑड्री मांडीवर ताटल्या घेऊन जेवत.

"मर्विन," ऑड्री एके दिवशी शांतपणे म्हणाली, "मला माझ्या टेबलावर बसून जेवायचंय. मटारच्या दाण्यांत पारा तर नाही ना, हे न बघता."

"जेवशील की. शेडला दार बसवलं की हे सगळं तिकडे जाईल."

"थंडीच्या आत?"

"थंडीच्या आत."

"नाही गेलं तर ब्रिस्टलला तुझ्या बहिणीकडे जाईल. सोबत तू गेलास तरी माझी हरकत नाही."

हरकत मर्विनची होती. त्याची बहीण विधवा झाल्यापासून ट्रम्पेट शिकत होती आणि सकाळी ताज्या मनानं सराव करत होती.

गावचा सुतार चग येऊन माप घेऊन गेला. चग हा जुन्या डेव्हन परगण्याचा माणूस. गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो की बिशप, सगळ्यांना तो एकाच मायेनं हाक मारायचा. "काचा घातलेलं देवदारी दार करतो, माझ्या राजा," तो म्हणाला. "आत बसून तुला ढग दिसले पाहिजेत."

आणि ते दार खरोखर बसलंही असतं. पण मध्ये बागांचा रविवार आला.

जूनमधल्या या रविवारी गावातले लोक आपापल्या बागा सर्वांना खुल्या करतात. जमलेले पैसे चर्चच्या छपराला जातात. चर्चचं छप्पर ही अशी गोष्ट आहे की ती दुरुस्त झाली तर गावानं करायचं काय असा प्रश्न पडेल. प्रत्येक जण प्रत्येकाच्या बागेत जाऊन "किती सुंदर" म्हणतो आणि फाटकाबाहेर पडल्यावर खरं काय ते बोलतो. शेजारच्या मिसेस टोझर यांच्या गुलाबांसमोर दरवर्षी रांग लागे. त्या रांगेतली माणसं कुंपणावरून मर्विनच्या बागेत डोकावत आणि म्हणत, "तुमचं गवत छान आहे हं." मोठ्या माणसाला 'तुमचं गवत छान आहे' म्हणणं आणि 'तुमचे कान दोन्ही जागेवर आहेत' म्हणणं यात मर्विनला फारसा फरक वाटत नसे. त्या वर्षी तर डेलियाची रोपं गोगलगाईंनी खाल्ली होती.

तेव्हा त्यानं शब्दकोश काढला. असल्या छपरीला या भागात एक जुना शब्द आहे असं त्याला अंधुक आठवत होतं. शब्द सापडला: लिनी. त्यानं पांढऱ्या रंगात पाटी रंगवली, 'सतराव्या शतकातील लिनी', आणि शेडच्या खांबाला ठोकली. सतरावं शतक कोशात नव्हतं. ते पाटीवर जागा उरली म्हणून आलं.

शिवाय त्यानं एक पत्रक छापून घेतलं. त्यात लिहिलं होतं की लिनी म्हणजे पुढून उघडी, मागून बंद, उतरत्या छपराची शेतावरची वास्तू, खाली गुरं आणि वर वैरण. शब्दाचं मूळ विद्वानांनाही नक्की सांगता येत नाही. काहींना शब्दाच्या पहिल्या अर्ध्यात 'कलणे, टेकणे' असा हजार वर्षांपूर्वीचा धातू दिसतो आणि उरलेल्या अर्ध्यात कुंपण घातलेली जागा दिसते. म्हणजे सरळ भाषेत, कुंपणाच्या आत काहीतरी कशाला तरी टेकलेलं आहे. मर्विननं अर्थात सरळ भाषा वापरली नव्हती. त्यानं लिहिलं होतं, 'या उघड्या दर्शनी भागातच तिचा आत्मा वास करतो.'

रविवारी लोक लोटले. आत्मा वास करतो ती जागा बघायला ते आत शिरत, मातीच्या भिंतीला हात लावत, गवत कापायच्या यंत्राकडेसुद्धा आदरानं बघत. पलीकडे मिसेस टोझर यांचे गुलाब एकांतात फुलले होते. संध्याकाळी त्या स्वतः आल्या आणि पत्रक दोनदा वाचलं.

"फारच माहितीपूर्ण आहे, मिस्टर हॅनाफर्ड. एक नेऊ का?"

"दोन न्या की," मर्विन म्हणाला. जिंकलेला माणूस उदार असतो.

चग दार घेऊन येणार त्याच्या आदल्या दिवशी जिल्हा कचेरीतून मिस थॉर्न आल्या. त्या जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम बघत. तरुण, हसतमुख, पायात चिखलाचे बूट. त्यांच्या हातात मर्विनचं पत्रक होतं.

"मिसेस टोझर यांनी पाठवलं," त्या म्हणाल्या. "इतकी दुर्मीळ वास्तू तुम्ही जपलीत, आणि कुठे बोभाटा नाही."

"छे, विशेष काही नाही," मर्विन म्हणाला. "उद्या तिला दार बसतंय."

मिस थॉर्न यांचं हसू जराही ढळलं नाही. "छान कल्पना आहे," त्या म्हणाल्या. "विचार करण्यासारखी."

स्वयंपाकघराच्या खिडकीत ऑड्रीनं हातातली बशी खाली ठेवली. बिडकममध्ये कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. 'बघू' म्हणजे नाही. 'छान' म्हणजे अजिबात नाही. 'छान कल्पना आहे, विचार करण्यासारखी' हे शब्द तिनं यापूर्वी एकदाच ऐकले होते, धाकट्या पाद्र्यांनी चर्चमध्ये ड्रम आणायचं सुचवलं होतं तेव्हा. ते पाद्री आता केनियात असतात.

"लिनीला दार नसतं ना," मिस थॉर्न समजावत म्हणाल्या. "दार लावलं की ती लिनी राहत नाही. तुम्हीच किती सुंदर लिहिलंय, उघड्या दर्शनी भागात आत्मा..."

"पण खरं सांगायचं तर ही नुसती शेड आहे."

"तुमचा विनय मला फार आवडला," मिस थॉर्न म्हणाल्या आणि फोटो काढू लागल्या.

उन्हाळा सरायच्या आत शेड संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झाली. चगनं केलेलं काचेचं दार त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागलं, आणि गावातल्या कोणाही माणसापेक्षा कोंबड्यांच्या घरात जास्त उजेड पडू लागला. "वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्या राजा," चग म्हणाला. "अंडी वाढलीत."

मर्विनची हकीकत पबमध्ये पोचली. सल्ला द्यायला नॉर्थकॉट होताच. नॉर्थकॉट बँकेचा निवृत्त मॅनेजर. आयुष्यभर लोकांना नाही म्हणून झाल्यामुळे आता तो प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट जमेल असं सांगत असे.

"अरे, तू तिला लिनी म्हणालास हीच घोडचूक. बार्न म्हण. धान्याच्या कोठाराला दार असतंच. बार्न या शब्दाचाच अर्थ जवाचं घर. जुन्या इंग्रजीत. मला शाळेत छडी खाऊन पाठ झालंय ते."

"पण माझ्याकडे जव नाही."

"मग विकत घे. उद्या ती बाई आली की म्हणायचं, बघा, इथे पूर्वापार जव सांडलेलं आहे."

पूर्वापार सांडलेलं जव गुरांच्या खाद्याच्या दुकानात पोत्यानं मिळतं. मर्विननं एक पोतं आणलं आणि शेडमध्ये जरा ऐतिहासिक वाटेल अशा बेतानं पसरलं. कोपऱ्यात जास्त, मध्ये कमी. जन्मभर काचेला सूक्ष्म बाक देण्यात घालवलेला हात होता तो. काम देखणं झालं.

मिस थॉर्न यांनी जवाकडे बघितलं. मग मागच्या भिंतीकडे बघितलं.

"मळणीच्या कोठाराला समोरासमोर दोन दारं लागतात," त्या म्हणाल्या. "वारा आरपार गेला की फोल उडतं. तुमच्या मागच्या बाजूला तर सलग भिंत आहे. पण तुम्ही इतक्या तऱ्हेनं विचार करताय याचं मला कौतुक वाटतं."

त्या गेल्या. जव राहिलं. जवामागोमाग उंदीर आले, आणि तेही पूर्वापार असल्यासारखे वावरू लागले. मर्विननं फावड्यानं जव गोळा करायचं ठरवलं, पण कंबर धरली म्हणून ते राहिलं. तोवर उंदरांची बातमी योग्य ठिकाणी पोचली होती. एके दिवशी ऑड्रीनं त्याला हाक मारून शेडकडे बोट केलं. वरच्या तुळईवर पांढऱ्या तोंडाचं एक घुबड बसलं होतं आणि न्यायाधीशासारखं दोघांकडे बघत होतं.

"आता हेही ब्रिस्टलला न्यायचं का?" ऑड्रीनं विचारलं.

घुबडाला कायद्याचा आधार होता आणि मर्विनला नव्हता. मिसेस टोझर रोज संध्याकाळी दुर्बीण घेऊन कुंपणाशी उभ्या राहू लागल्या. "तुमच्यामुळे गावात घुबड परत आलं," त्या म्हणत. "मी जिल्हा कचेरीला कळवलंय हं." मर्विनच्या बाबतीत त्या जे जे करत ते शेजारधर्म म्हणूनच करत. त्यांच्या चेहऱ्यावर कधी खोडीची एकही रेघ सापडली नाही, आणि मर्विनला माणसाच्या डोळ्यांत बघायचा चांगला चाळीस वर्षांचा सराव होता.

सप्टेंबर संपत आला. टेबल अजून बॅरोमीटरांच्या ताब्यात होतं. एकदा ऑड्रीनं ब्रिस्टलच्या गाड्यांच्या वेळा विचारून ठेवल्या आणि मर्विनची सूटकेस हवेला टाकली.

याच सुमारास गावच्या इतिहास मंडळानं मर्विनला 'लिनी: शब्द आणि वास्तू' यावर बोलायला बोलावलं. अध्यक्ष मिसेस टोझर. मिस थॉर्न खास येणार होत्या. जन्मात प्रथमच, मर्विननं खुर्चीत बसवून अक्षरं वाचायला न लावता, कुणीतरी त्याचं ऐकणार होतं. तो हरखला. भाषणासाठी नीट वर्णन हवं म्हणून त्यानं डोळे तपासायचा जुना दिवा आणि भिंग घेतलं, शिडी लावली आणि शेडचा पुढचा खांब इंच इंच बघायला सुरुवात केली. घुबड वरून लक्ष ठेवून होतं.

खांबाच्या आतल्या बाजूला, चुन्याच्या थराखाली, त्याला बिजागरी अडकवायचा एक गंजलेला लोखंडी खुंट दिसला. खाली तसेच आणखी तीन. समोरच्या खांबाला कडी अडकवायची खाच. उंबऱ्याच्या दगडाला घासून पडलेलं अर्धवर्तुळ. पुराव्यात काही संशय नव्हता. इथे दार होतं. बाजूची जागाही एके काळी भरलेली होती. मातीच्या भिंतीचा तुटका काठ दिसतच होता. शेड पुढून उघडी बांधलेली नव्हती, नंतर कुणीतरी फोडली होती.

म्हणजे ती लिनी नव्हती. कधीच नव्हती.

त्यानं ऑड्रीला सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"मग दार बसेल," ती म्हणाली.

"बसेल. पण पाटी, पत्रक, उद्याचं भाषण... मिसेस टोझर समोर बसणार आहेत, ऑड्री. पहिल्या रांगेत."

"त्यांचा चेहरा बघायचा की ट्रम्पेट ऐकायचा, ते तू ठरव."

गावच्या सभागृहात नेहमीपेक्षा गर्दी होती, कारण चहाबरोबर जिंजर केक होता. मर्विननं 'टेकणे' या धातूपासून सुरुवात केली. कुंपणापर्यंत आला. लोक माना डोलवत होते. नॉर्थकॉट झोपलाही होता, म्हणजे भाषण चांगलं चाललं होतं. इथेच थांबावं आणि केक खावा असं मर्विनला फार फार वाटलं. मग त्याला मागच्या रांगेत ऑड्री दिसली. ती नुसती बसली होती, मांडीवर बशी ठेवून.

"आता," मर्विन म्हणाला, "माझ्या ताज्या संशोधनाकडे वळू." आणि त्यानं खुंट, खाच, अर्धवर्तुळ सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तात्पर्य, लिनी म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर माझ्या बागेतली वास्तू बघू नये."

कुणीतरी म्हणालं, "छान." नॉर्थकॉट जागा झाला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या.

मिसेस टोझर उठल्या. "मिस्टर हॅनाफर्ड यांचे आभार. एक शंका. दार होतं, खुंट होते, म्हणजे आत जनावरं बांधत असणार. तर मग हा शिपन झाला, नाही का? गाईंचा गोठा. माझ्या आजोबांकडे होता. शिपन हा शब्द अगदी अस्सल जुना. त्याच्या मुळाबद्दल फारसा वाद नाही. शॉप या शब्दाचा तो नातलग म्हणतात. म्हणजे चष्म्याचं दुकान आणि गाईंचा गोठा एकाच आजीची नातवंडं. तुम्ही घरचेच, मिस्टर हॅनाफर्ड."

लोक अगदी सभ्यपणे हसले, म्हणजे खांदे हलले पण आवाज आला नाही. मर्विननं चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मिस थॉर्न मात्र हर्षून पुढे आल्या. "किती प्रामाणिक काम. आता दार बसवायलाच हवं. गोठ्याला दार नसणं म्हणजे मूळ रूपाची हानी."

"म्हणजे परवानगी आहे?"

"परवानगी कसली, मी आग्रहच धरते. फक्त खुंटांच्या उंचीवरून दिसतंय की दार वर-खाली दोन फळ्यांचं होतं. खालची ओकच्या लाकडाची घालू. वरची नको. घुबडाला जायला-यायला वाट हवी ना."

बाजूची जागा पुन्हा मातीनं भरून चगनं ओकचं अर्धं दार केलं. खुंट मूळचेच, बिजागऱ्या लोहाराकडून घडवून आणलेल्या, लाकूड इतकं जड की बसवताना नॉर्थकॉटलाही हात लावावा लागला, आणि त्याबद्दल तो अजून सांगतो. बॅरोमीटर तिकडे गेले. थंडी पडली त्या रविवारी ऑड्रीनं टेबलावर पांढरा कपडा अंथरला, भाजलेलं कोकरू वाढलं, आणि दोघं समोरासमोर बसून जेवली. फार काही बोलणं झालं नाही. इतकी वर्षं एकमेकांच्या शेजारी ताटल्या घेऊन बसल्यावर समोरचा चेहरा जरा नवखा वाटतो.

दुपारी मर्विन ओव्हरकोट घालून गोठ्यात जाऊन बसला. वरच्या उघड्या अर्ध्यातून वारा येत होता, पण गुडघे उबदार होते. तुळईवर घुबड झोपलं होतं. जरा वेळानं ऑड्री चहा घेऊन आली. आत येण्याऐवजी तिनं दाराच्या फळीवर कप ठेवला आणि शेजारी कोपरं टेकून उभी राहिली.

आणि बोलू लागली. एक्सेटरचं घर सोडताना तिला काय वाटलं होतं ते. मिसेस टोझर यांच्या नवऱ्याला काय झालं होतं, आणि त्यानंतर त्या रोज गुलाबाजवळच का बसतात. मर्विनच्या बहिणीनं तिला फोनवर एक धून वाजवून दाखवली होती आणि ती खरं तर बरी होती. या भागात माणसं फार पूर्वीपासून अशी अर्ध्या दारावर रेलून गाईशी बोलत आलीत. आतली गाय मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, 'छान कल्पना आहे' म्हणत नाही. मर्विनच्या ओठांवर तीनचारदा काहीतरी आलं, पण एका हातात पाऱ्याची नळी होती आणि दुसऱ्यात भिंग, म्हणून तो गप्प राहिला. ऑड्रीनं त्याला असं इतकं कधीच सांगितलं नव्हतं.

चहा गार झाला. उजेड उतरला. ऑड्रीनं गार चहाचा कप उचलला, "बरं वाटलं," म्हणाली, दाराच्या कडेवर हात फिरवला, आणि गोठ्याला असते तशी बाहेरच्या बाजूनं असलेली कडी, सवयीच्या हातानं, लावून निघून गेली.